ले-आऊटातलं जपानी जेवण

हिंगण्याच्या आमच्या कारखान्याचं एका जपानी कंपनीशी जमलं आणि आम्हा तिघा इंजिनियरांना सहा महिने तिकडे शिकायला पाठवलं गेलं. ऐंशी साल उलटून गेलं होतं. परत आल्यावर तिघांनीही आपापल्या परीनं नागपूर सुधारायचं मनावर घेतलं. एकानं दारावर बूट बाहेर काढण्याची पाटी लावली, जसं काही त्याच्याकडे येणारे लोक आजवर बूट घालून चुलीपर्यंत जात होते. दुसरा भेटेल त्याच्यापुढे कमरेतून वाकू लागला. पानठेलेवाल्यानं त्याला हाडाच्या डॉक्टरचा पत्ता दिला. मी जेवण आणलं. तिघांत मोठा मूर्ख कोण हे ठरवायचं झालं तर त्या दोघांना मी सहज मागे टाकीन, कारण त्यांच्या मूर्खपणात दुसऱ्या कुणाचं काही गेलं नाही.

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोला माहीत आहे, कारण ती तिथंच होती. पण आमच्यातही तो विषय निघत नाही. निघाला की दोघांपैकी एकाला पाणी प्यायची आठवण होते.

आमचं घर अमरावती रोडवर, वाडीच्या अलीकडे, नव्यानं पडलेल्या ले-आऊटात होतं. शेताचे प्लॉट पाडले, मुरमाचे रस्ते टाकले, कमानीवर ‘नगर’ लिहिलं, की आतल्या माणसांना आपण खानदानी असल्याचा साक्षात्कार होत असे. शेजारी एक निवृत्त नायब तहसीलदार राहत. त्यातलं ‘नायब’ त्यांनी निवृत्तीबरोबरच सरकारजमा केलं होतं. सगळे त्यांना तहसीलदार साहेब म्हणत, मीही म्हणायचो. नवा माणूस राहायला आला की ते आधी आडनाव विचारत, मग गाव विचारत, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर आजोळ विचारत. माझं आडनाव ऐकून ते नुसतं ‘अच्छा’ म्हणाले होते. त्या ‘अच्छा’नंतर मी त्या वस्तीत कधी मोठ्यानं हसलो नाही.

वडील गेल्यावर मी मायला उमरेडहून आमच्याकडे, बायको आणि लहान मुलीसोबत राहायला आणलं. वडील तिकडे हातमागावर लुगडी विणत. छप्पन साली दीक्षा घ्यायला नागपूरला आलेल्या गर्दीत तेही होते. माय येताना एक पत्र्याची पेटी आणि डालड्याचा एक डबा घेऊन आली. डब्यात सुकट होती, वाळवलेल्या बारीक मासोळ्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं तव्यावर मूठभर सुकट भाजली, लसूण-मिरची घातली, आणि वास कुंपणापलीकडे गेला. संध्याकाळी तहसीलदार साहेब फिरता फिरता फाटकाशी थांबले.

“काय हो, आज काहीतरी जळलं वाटतं तुमच्याकडे?”

बस. एवढंच. मी घरात आलो आणि मायला सांगितलं, हे इथं चालणार नाही.

“काहून गा? घर त आपलंच हाय न?”

“घर आपलं आहे. वास सगळ्यांचा आहे.”

हे वाक्य मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. तिनं डबा उचलला, झाकण घट्ट लावलं आणि मोरीच्या माळ्यावर ठेवला. लक्षात घ्या, तहसीलदार साहेब शाकाहारी नव्हते. दर रविवारी त्यांच्याकडे मटण शिजायचं, आणि सावजीच्या खानावळीत घाम पुसत रस्सा ओरपण्याचे किस्से ते रंगवून सांगायचे. ले-आऊटात मटण चालत होतं, कोंबडी चालत होती, अंड्याला तर दुधाचा मान होता. सुकट तेवढी चालत नव्हती, कारण ती कोण खातं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर सगळ्यांत जास्त.

नंतर मी जपानला गेलो आणि आलो. येताना सोया सॉसच्या बाटल्या, मिसो नावाचा आंबवलेल्या सोयाबीनचा तपकिरी गोळा, समुद्री शेवाळाचे काळे कागद, डझनभर काड्या, आणि वाळवलेल्या बारीक मासोळ्यांची पाकिटं असा बोजा आणला. पाकिटांवर सुंदर छपाई होती, लाटा आणि मागं डोंगर. त्या छपाईला मी किती जपायचो! रिकामं झालेलं एक पाकीट तर शोकेसमध्ये ठेवलं होतं, तिकडून आणलेल्या बाहुलीच्या शेजारी.

आणि मग आमच्या घरी जपानी जेवणं सुरू झाली. महिन्यातून एकदा ले-आऊटातली दोन-तीन मोठी माणसं यायची आणि काड्यांनी भात उचलण्याची कसरत करायची. भात काडीवरून पँटवर, पँटवरून सोफ्यावर. तरी चेहऱ्यावर असा भाव की आपण आज आंतरराष्ट्रीय झालो. एक बँकेचे मॅनेजर शेवाळाचा कागद चघळत म्हणाले, “याला एक वेगळी लेव्हल आहे.” त्यांच्या दातांना तो चिकटला होता आणि ते बोळक्या तोंडाचे म्हातारे दिसत होते. कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

सामान संपू लागलं तशी माझी बाजारातली वणवण सुरू झाली. सदरमध्ये परदेशी डबे ठेवणाऱ्या एका दुकानात सोया सॉस म्हणून जे मिळायचं ते जळक्या गुळाचं खारट पाणी होतं. मी ते रिकाम्या जपानी बाटलीत भरून टेबलावर ठेवायचो. कुणाला फरक कळला नाही. तांदळाची तर वेगळीच गंमत. तिकडचा भात चिकट, गोळा होणारा. आपल्याकडे बाई तांदूळ घेते ती जुना, मोकळा होणारा. इतवारीतल्या एका धान्याच्या दुकानात मी चिकट होणारा तांदूळ मागितला.

“चिकट?” दुकानदारानं चष्मा वर केला. “साहेब, लोग तो शिकायत घेऊन येतात की तुमचा तांदूळ गचका झाला. तुम्ही गचकाच मागून राहिले?”

“हो. जितका गचका तितका चांगला.”

“पतंगी चिकटवायच्या काय?” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळं दुकान हसलं. दुकानदारानं मला रामटेककडचा अगदी नवा, खळ्यावरून आलेला तांदूळ दिला, जो कुणी घेत नव्हतं. मी तो ‘खास जपानी जातीचा’ म्हणून वाढला. तेव्हा आपल्याकडे सोयाबीन नुकतं कुठं पेरायला लागले होते. बियाण्याच्या दुकानातून तेही आणलं, भिजवलं, वाटलं, त्याच्या दुधात लिंबू पिळलं. जपानी पनीर करायचं होतं. झाला तो पांढरा चिखल. बायको शाळेतून दमून आलेली, पदर खोचून पातेल्याकडे बघत उभी राहिली.

“अहो, हे नासलेल्या खव्यासारखं दिसतंय. टाकू का?”

“टाकू नको. वर कांद्याची पात घाल.”

तिनं घातली. पाहुण्यांनी खाल्लं, तारीफ केली. त्यातल्या एकीनं कृती लिहून घेतली.

आता खरी गोष्ट. जपानमधल्या कामगार-वसतिगृहात पहिल्या सकाळी मी जिन्यावरून खाली उतरलो आणि थबकलो. खालच्या स्वयंपाकघरातून वास येत होता. मायच्या तव्याचा. मिरची-लसूण नव्हतं, पण मूळ वास तोच. आत एक बाई त्याच बारीक मासोळ्यांची डोकी मोडून पातेल्यात टाकत होती, आणि त्या पाण्याचं सूप होत होतं. त्या देशात सगळं त्यावर उभं असतं. मालक असो की झाडूवाला, सकाळी तेच पितो. मी ते तिथंच ओळखलं. सहा महिने रोज प्यायलो. आणि परत येऊन घरात पाऊल ठेवलं तेव्हा मायला सांगितलं नाही. त्या एका वाक्यानं माझं काय बिघडलं असतं? माळ्यावरचा डबा खाली आला असता. पण मग छापील पाकिटाला काय किंमत राहिली असती?

पहिल्यांदा मी ते सूप उकळलं तेव्हा माय पुढच्या खोलीतून आत आली. तिनं वास घेतला. माझ्याकडे बघितलं.

“बाबू, हे त...”

“जपानी आहे,” मी म्हणालो.

“हो का,” ती म्हणाली आणि परत गेली. त्याच संध्याकाळी तहसीलदार साहेबांनी दोन वाट्या पिऊन सांगितलं, “यात एक समुद्राचा सात्त्विकपणा आहे.” आणि वाटी खाली ठेवता ठेवता, “तुमचं तिकडं चांगलं जमलं असेल म्हणा. बुद्धाचाच देश. तुमचेच लोक.” सगळे हसले. मीही हसलो. मी पुन्हा वाटी भरून दिली.

पुढच्या पावसाळ्यात मशीन बसवायला जपानी साहेब आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, तीन महिन्यांसाठी एकटाच. बर्डीवरच्या हॉटेलात उतरला होता. तिथले लोक त्याला परदेशी म्हणून सकाळ-संध्याकाळ ब्रेड, आम्लेट आणि टोमॅटोचं सूप देत. माणूस वाळत चालला होता. आमच्या कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी मला सुचवलं, एकदा घरी बोलवा. पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा जपानला कोण जाणार हे त्यांच्याच हातात होतं, आणि मला जायचं होतं. मी लगेच रविवार ठरवला. मोठे साहेब, जपानी साहेब, आणि साक्षीला तहसीलदार साहेब.

शनिवारी दुपारी मासोळ्यांचं शेवटचं पाकीट उघडलं. नागपूरच्या दमटपणानं आत भुंगे झाले होते. पाकिटात नुसता भुगा, आणि भुगा हलत होता. त्या मासोळ्यांशिवाय सूप नाही, आणि सुपाशिवाय जपानी जेवण नाही. मी ओट्याशी बराच वेळ उभा राहिलो. कशानं भागेल हे मला पहिल्या क्षणालाच कळलं होतं. उभा राहिलो तो तोंड कसं उघडावं म्हणून.

“माय, तो डबा आहे का अजून?”

ती तांदूळ निवडत होती. “कोनता?”

“सुकटचा.”

तिनं ताट बाजूला केलं. या वयात स्टुलावर चढू नको म्हणेपर्यंत ती चढलीसुद्धा. मधल्या काळात उमरेडहून येणाऱ्या भाच्याकडून ती थोडी थोडी मागवत राहिली होती, उन्हात वाळवून डब्यात भरत राहिली होती. खात नव्हती. नुसती ठेवून होती.

“तुले खायाची हाय?”

“साहेबांना द्यायची आहे. जपानी साहेबांना.”

“सायेब सुकट खाते?” तिचे डोळे एवढे झाले. “त्याईच्या देशात?”

“हो. रोज.”

ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसत राहिली. मग एकदम थांबली आणि हळूच विचारलं, “म्हंजे आता चालते न घरात?”

तिला माझ्याकडून एवढंच हवं होतं. मी तेव्हा घाईत होतो. मला सुकट हवी होती. मी म्हणालो, “हो हो, चालते.”

रविवारी तिनं सकाळपासून एकेक मासोळी निवडली, डोकी काढली, पोटातला काळा दोरा काढला, मंद आचेवर नुसती शेकली आणि मी सांगितलं तशी पाण्यात घातली. सूप तिनंच केलं. मी मिसोचा उरलेला गोळा त्यात कालवला, एवढंच. बायको भात वळत होती. दोघी बोलत होत्या, हसत होत्या. मी आत जाऊन सांगितलं, पाहुणे आल्यावर माय आतच बसेल, खाली बसायला बाहेर जागा नाही. जागा होती.

जपानी साहेबानं सोयाबीनचं पनीर बाजूला सारलं. भाताच्या गुंडाळ्यांतली एक सभ्यपणे खाल्ली. मग सूप तोंडाला लावलं आणि वाटी खालीच ठेवली नाही. दुसरी मागितली. तिसरी मागितली. तळाशी राहिलेली मासोळी काडीनं उचलून उजेडात धरली, चावली, डोळे मिटले. मग आपल्या मोडक्या इंग्रजीत त्यानं मला विचारलं, ही मासळी इथं कुठल्या बाजारात मिळते? हॉटेलातल्या खोलीत त्याच्याकडे विजेची छोटी शेगडी होती. रोज रात्री एक वाटी करून पिईन म्हणाला. सांग ना, कुठं?

तिथून इतवारीतली सुक्या मासळीची गल्ली फार तर अर्ध्या तासावर होती. ढीग लागलेले असतात तिथं. आतल्या दाराशी माय उभी होती, पदर डोक्यावर, मान पुढे काढून. शेजारी तहसीलदार साहेब. समोर मोठे साहेब.

मी म्हणालो, “इथं मिळत नाही. मी जपानहून आणली होती. शेवटचं पाकीट होतं.”

जपानी साहेबानं मान हलवली. वाटीत परत एकदा बघितलं. त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही. आपल्या देशातली मासोळी तो ओळखत नसेल? पण तो सभ्य माणूस होता, आणि सभ्य माणसानं उरलेला दीड महिना टोमॅटोचं सूप पिऊन काढला.

“पाहिलंत?” तहसीलदार साहेब मराठीत मोठ्यानं म्हणाले, दारातल्या मायलाही ऐकू जाईल असं. “थेट जपानहून आलेली मासळी! नशीब लागतं, आजी.”

पाहुणे गेल्यावर माय भांडी आवरत होती.

“सायेबाले सांगतलं काहून नाही गा?” तिनं विचारलं. “इतवारीत भेटते म्हून? बिचारा वाळून राहिला.”

“तुला नाही कळायचं ते.”

तिनं वाट्या विसळायला घेतल्या. तिला कळलं होतं की नाही हे मी तेव्हा बघितलंच नाही. मोठ्या साहेबांनी जाताना पाठीवर ठेवलेला हात मला अजून जाणवत होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली होती. सकाळी दहाच्या सुमारास तव्यावर लसूण पडल्याचा आवाज आला आणि मागून वास. माय स्वयंपाकघरात उघड्या खिडकीशी सुकट भाजत होती. चालते म्हणून मीच सांगितलं होतं ना. ती गुणगुणत होती. ती या घरात आल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मी अंगणात कुंड्यांना पाणी घालत होतो, आणि कुंपणापलीकडे तहसीलदार साहेब नाकाशी रुमाल धरून उभे राहिले.

“अहो, हा कसला वास? मेलंय का काही?”

आदल्या रात्री हाच माणूस याच मासोळ्यांचं सूप वाटी भरभरून प्यायला होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, हे कालचंच आहे. खिडकी माझ्यापासून चार हातांवर होती. गुणगुणणं थांबलं होतं. माय उत्तराची वाट बघत होती, हे मला पाठीला कळत होतं.

“गटार तुंबलंय,” मी म्हणालो. “माणूस बोलावलाय.”

आत गॅस बंद केल्याचा खट्ट आवाज झाला.

मी आत गेलो तेव्हा तिनं तवा खाली उतरवून त्यावर ताट झाकलं होतं. रागावलेली नव्हती. असती तर बरं झालं असतं. “मी उमरेडले जातो,” ती म्हणाली, जशी भाजी आणायला जाते म्हणावं तशी. बायकोनं तिला धरलं, रडली, माझ्याकडे बघून नको ते बोलली. माय तिची समजूत घालत राहिली. बसस्टँडवर मीच सोडायला गेलो. खिडकीत बसल्यावर तिनं मला विचारलं, “तुही सुट्टी कापतील काय?” तेवढंच.

ले-आऊटात मी सांगितलं, आई शेती बघायला गावी गेली. आमची शेती नव्हती. तहसीलदार साहेब म्हणाले, “बरं केलंत, शेतीकडे लक्ष हवंच.” मला पुन्हा जपानला पाठवलं नाही, वाकणारा सहकारी गेला. त्याला बहुधा वाकण्याचे गुण मिळाले.

पावसाळा संपता संपता मी उमरेडला गेलो. माय ओसरीवर बसली होती आणि पलीकडची बाई तिला विचारत होती, “काहून वं, पोराच्या बंगल्यात मन नाही लागलं का?”

“मन काहून नाही लागन? लय चांगला ठेवते तो मले,” माय म्हणाली. “तिकडचं पानीच मानवत नाही.”

मी पायरीवर होतो. तिनं मला पाहिलं, आणि शब्दही बदलला नाही. ती बाई गेल्यावर मी म्हणालो, चल परत. बोलायला मी बरंच ठरवून गेलो होतो. खिडकी कायम उघडी राहील, तुला वाटेल ते कर, कुणाच्या बापाला भिणार नाही, असं सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. तिलाही यायचं असावं. नातीबद्दल तिनं दोनदा विचारलं.

“येतो,” ती म्हणाली. “पन तहसीलदारानं इचारलं त काय सांगशील?”

हे तिनं टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि मिळालं असतं तर ती पेटी घेऊन त्याच बसनं निघाली असती. मी तोंड उघडलं. रस्त्यावरून कुणीतरी जात होतं, मी आधी ते जाईपर्यंत थांबलो. मग ‘बघू ना, काहीतरी सांगू’ असं म्हणालो.

“राहू दे मंग,” माय म्हणाली आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.

ती पुढं जितकी वर्षं जगली, तितकी उमरेडलाच जगली.